घाट बघून गाडी घ्या
मंगळवेढा भागातील व्यापारी व वाहनमालकांसाठी

मंगळवेढ्यातून माल भरून निघालेल्या गाडीला पहिल्या दीड-दोनशे किलोमीटरांत घाट म्हणजे काय ते कळतच नाही. पंढरपूर, टेंभुर्णी, इंदापूर करीत पुण्याकडे जा, नाहीतर सांगोला, मिरज करीत कोल्हापूरकडे जा, रस्ता सरळ आणि सपाट. गाडी पळते, डिझेल कमी खाते, मालक खूश असतो. खरी परीक्षा त्यापुढे सुरू होते. मुंबईला जायचे तर बोरघाट, रत्नागिरीला जायचे तर आंबा घाट, कराडवरून चिपळूणला उतरायचे तर कुंभार्ली. सगळ्या प्रवासात घाटाचा रस्ता जेमतेम दहा-पंधरा किलोमीटरांचा. पण क्लच जळतो तो तिथे, ब्रेक तापतात ते तिथे, आणि गाडी जाते तीही तिथेच.

आपल्या व्यापारी बांधवांची गाडी घेण्याची रीत नेमकी याच्या उलट आहे. किंमत किती, माल किती बसतो आणि ॲव्हरेज काय देते, हे तीन प्रश्न विचारून सौदा पक्का होतो. हे तिन्ही प्रश्न सपाट रस्त्याचे आहेत. ज्याची गाडी सोलापूर, विजापूर, लातूर एवढ्याच पट्ट्यात फिरणार आहे त्याला ते पुरतील. ज्याला महिन्यातून चार वेळा कोकणात उतरायचे आहे त्याने आपल्या वाटेवरचा सर्वांत वाईट एक किलोमीटर डोळ्यांसमोर ठेवून गाडी निवडली पाहिजे.

मालाचाही विचार करावा लागतो. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी प्रसिद्धच आहे, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळाले. ज्वारीची पोती, कारखान्यांची साखर, सांगोल्याकडची डाळिंबे हा आपला खाली उतरणारा माल. यातली डाळिंबे क्रेटमध्ये जागा जास्त घेतात आणि वजन कमी भरतात, त्यामुळे आपल्या बागवान बंधूंना घाटाचा त्रास तुलनेने कमी होतो. साखर मात्र जागा थोडी घेते आणि वजन भरपूर भरते. शिवाय परतीचे भाडे कोकणातून मिळते ते बहुधा जांभ्या दगडाच्या चिऱ्याचे, म्हणजे भरलेल्या गाडीने उतरायचे आणि त्याहून जड माल घेऊन चढायचे. पूर्वी लमाणांचे बैलांचे तांडे घाटाखाली धान्य नेत आणि वर मीठ आणत. बोरघाटातून गाडीरस्ता झाला तो १८३० साली. त्यालाही आता दोनशे वर्षे होत आली, आणि दोन्ही बाजूंना ओझे ही घाटाच्या धंद्याची अडचण तशीच आहे.

चढाचा हिशेब

गाडीच्या नावातच पुष्कळ माहिती असते. २८१८ असे लिहिले असेल तर पहिले दोन आकडे साधारण एकूण वजन टनांत सांगतात, आणि पुढच्या दोनांवर शून्य दिले की अश्वशक्तीचा अंदाज येतो. म्हणजे २८ टन आणि १८० च्या आसपास अश्वशक्ती. ३५१८ म्हणजे ३५ टन, अश्वशक्ती तेवढीच. इथेच पुष्कळ जण फसतात. बाजारात दहा चाकी आणि बारा चाकी गाड्या बऱ्याचदा एकाच ताकदीच्या, १८० ते २०० अश्वशक्तीच्या इंजिनावर येतात. किमतीत फरक थोडा, माल मात्र कागदावर बराच जास्त. मग बारा चाकी का घेऊ नये?

आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी हाच विचार करून बारा चाकी घेतली आणि रत्नागिरीच्या भाड्याला लावली. पहिल्याच वर्षी क्लच प्लेट तीनदा बदलावी लागली. ड्रायव्हर बदलून पाहिले, मिस्त्री बदलून पाहिला. दोष दोघांचाही नव्हता.

हिशेब पाहा. वीसास एक असा चढ धरू, म्हणजे वीस मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर. अशा चढावर गाडीला स्वतःच्या वजनाचा विसावा भाग ओढून धरावा लागतो आणि त्याशिवाय टायरांच्या घसटीसाठी वजनाचा सुमारे शंभरावा भाग. २८ टनांच्या गाडीला चढासाठी १,४०० किलो आणि घसटीसाठी २८० किलो, एकूण १,६८० किलोंचा जोर हवा. या जोराला ताशी वेगाने गुणून २७० ने भागले की चाकावर लागणारी अश्वशक्ती निघते. ताशी २० किलोमीटर वेगासाठी १,६८० गुणिले २०, भागिले २७०, म्हणजे सुमारे १२५. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमध्ये पंधरा टक्के ताकद खर्च होते असे धरले तर इंजिनातून १४६ अश्वशक्ती निघाली पाहिजे. १८६ अश्वशक्तीच्या इंजिनाला हे काम आरामात जमते, आणखी पाचएक किलोमीटरचा वेगही त्याच्या हातात राहतो.

हाच हिशेब ३५ टनांना लावा. जोर २,१०० किलो आणि इंजिनातून अश्वशक्ती १८३. म्हणजे त्याच १८६ च्या इंजिनाला ताशी २० चा वेग राखण्यासाठी सगळी ताकद पणाला लावावी लागते, हाताशी काहीच उरत नाही. आता वळणावर चढ बारास एक झाला असे समजा. २८ टनांची गाडी ताशी १६ पर्यंत उतरेल, ३५ टनांची १३ वर. पुढे एखादी एसटी थांबली, गाडी उभी करावी लागली, पुन्हा उचलावी लागली, की ड्रायव्हर अर्धा क्लच दाबून गाडी धरणार. क्लच जळतो तो या अर्ध्या मिनिटात. आमच्या त्या गृहस्थांचे तीन क्लच असेच गेले.

माझा ठोकताळा असा : नेहमी घाट चढणाऱ्या गाडीला भरलेल्या वजनाच्या प्रत्येक टनामागे साडेसहा अश्वशक्तीहून कमी नको. २८ टनांना १८६ अश्वशक्ती म्हणजे टनाला ६.६, चालेल. ३५ टनांना तीच म्हणजे ५.३, ही सपाटीची गाडी झाली. ३५ टनच हवे असतील तर २३० च्या पुढचे इंजिन असलेले मॉडेल मागा. किंमत जास्त पडेल, हे खरे. दुसरी वाट अशी की बारा चाकी घ्यावी आणि घाटाच्या खेपेला तिच्यात सहा-सात टन कमी भरावे. पण भाडे ठरवताना मालक हे विसरतो, असाच अनुभव आहे.

अश्वशक्तीपेक्षाही घाटात टॉर्क जास्त कामाला येतो, म्हणजे इंजिनाची पिळण्याची ताकद. माहितीपत्रकात टॉर्कच्या आकड्यापुढे फेरे लिहिलेले असतात. जास्तीत जास्त टॉर्क १,१०० पासून १,६०० फेऱ्यांपर्यंत सारखा मिळत असेल तर चढावर फेरे पडले तरी इंजिन दम सोडत नाही आणि ड्रायव्हरला सारखे गिअर बदलावे लागत नाहीत. तोच टॉर्क फक्त वरच्या फेऱ्यांवर मिळत असेल तर प्रत्येक वळणावर गिअर खाली घ्यावा लागेल.

क्राऊन-पिनियन आणि गिअर

गाडी घेताना हा प्रश्न शंभरात पाच मालकही विचारत नसतील. क्राऊनला ४१ दात आणि पिनियनला ७ असतील तर प्रमाण ५.८६ येते, पिनियनला ६ असतील तर ६.८३. दुसऱ्या जोडीत प्रत्येक गिअरमध्ये चाकावर साधारण १६ टक्के जोर जास्त येतो. पण त्याची किंमत सपाट रस्त्यावर मोजावी लागते. टायरचा अर्धव्यास अर्धा मीटर आणि वरचा गिअर सरळ धरला तर ताशी ६० वेगाला पहिल्या जोडीवर इंजिनाचे सुमारे १,८६५ फेरे होतात, दुसऱ्या जोडीवर २,१७५. इंदापूर ते पुणे हे जादा फेरे डिझेल पीत राहतात.

मंगळवेढ्याच्या गाडीचा नव्वद टक्के प्रवास सपाटीचा असल्यामुळे नुसते प्रमाण वाढवून भागत नाही. त्यापेक्षा डिफरन्शियल मध्यम ठेवावे आणि गिअरबॉक्स सहाऐवजी नऊ गिअरचा, खाली क्रॉलर असलेला घ्यावा. क्रॉलरवर भरलेली गाडी चढावर क्लच न जाळता उचलते आणि वरचे गिअर सपाटीला मोकळे राहतात. क्लचचा व्यासही विचारून घ्या. ३९५ मिलिमीटर आणि ४३० मिलिमीटर यांत दिसायला फरक थोडा, पण मोठ्या प्लेटवर तीच उष्णता जास्त जागेत पसरते.

जुनी गाडी घेणाऱ्यांनी हे अधिक लक्षात ठेवावे. व्याजाचे कर्ज टाळण्यासाठी आपल्यापैकी बरेच जण भाऊ-भाऊ किंवा दोस्त मिळून जुनी गाडी रोखीने घेतात. अशा गाडीचे हौसिंग पूर्वी कधी उघडले असेल तर आतली जोडी मूळचीच आहे की बदललेली, हे कागदांवरून कळत नाही. मिस्त्रीला सांगून दात मोजून घ्या. एक चाक उचलून प्रोपेलर शाफ्टचे फेरे मोजले तरी अंदाज येतो. मात्र एक चाक जमिनीवर आणि एक हवेत असेल तर उचललेले चाक दुप्पट फिरते, एवढे ध्यानात ठेवून हिशेब करावा.

ओल्या रस्त्यावर पकड

इंजिनात ताकद असून भागत नाही, ती रस्त्याला लागली पाहिजे. पावसाळ्यात आंबा घाटात दरडीची माती रस्त्यावर येते. अशा ठिकाणी पकड चाकावरच्या वजनाच्या तीन दशांश धरावी. ढकलण्याचे काम फक्त इंजिनाला जोडलेली चाके करतात, बाकीची नुसते वजन वाहतात.

दहा चाकीच्या मागच्या दोन ॲक्सलांवर मिळून कायद्याने २१ टन चालतात. त्यांतला एकच ॲक्सल चालता आणि दुसरा डमी असेल तर चालत्यावर सुमारे साडेदहा टन येतात आणि पकड ३.१५ टनांची मिळते. बारास एक चढावर २८ टनांच्या गाडीला २.६ टन लागतात, म्हणजे निभावते. ३५ टनांच्या बारा चाकीला ३.२७ लागतात, म्हणजे चाक जागीच फिरू शकते. दोन ॲक्सलचा घोडा आणि मागे तीन ॲक्सलचा ट्रेलर, एकूण साडेपंचेचाळीस टन, अशा गाडीला सव्वाचार टन लागतात आणि तिची पकड साडेतीन टनांचीही नाही. सपाट महामार्गावर हा ट्रेलर सर्वांत किफायतीचा, पण भर पावसात असल्या वळणावर उभा राहिला तर स्वतःच्या बळावर निघणार नाही. ट्रेलरच न्यायचा असेल तर घोड्याचे मागचे दोन्ही ॲक्सल चालते हवेत. अशा ५५ टनांच्या गाडीला ५.१ टन लागतात आणि तिची पकड ६.३ टन. शिवाय अरुंद वळणावर ट्रेलरचे मागचे टोक आत कापत जाते, त्यामुळे ड्रायव्हर समोरून येणाऱ्याची जागा घेऊन वळतो. कोकणाच्या घाटांना माझे मत दहा चाकीलाच आहे.

आता उतार

चढावर गाडी बंद पडली तर भाडे बुडते. उतारावर चुकले तर माणूस जातो. तरीही गाडी घेताना उताराचा विचार सर्वांत शेवटी होतो, किंवा होतच नाही.

दहा किलोमीटरांच्या वीसास एक उतारावर गाडी पाचशे मीटर खाली येते. २८ टन वजन पाचशे मीटर खाली आणताना जेवढी ऊर्जा निघते तिने चारशे किलोहून जास्त पाणी उकळेल. काही भाग टायर आणि वारा खातात, बाकी सगळी उष्णता कुठेतरी गेली पाहिजे. ड्रायव्हर पायाच्या ब्रेकवरच उतरत असेल तर ती ड्रममध्ये आणि लायनरमध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, लायनरची पकड सुटते, पाय दाबला तरी गाडी थांबत नाही. सारखे ब्रेक मारून हवेची टाकी उतरली तर तेही तसेच. ‘ब्रेक फेल’ म्हणून वर्तमानपत्रात येते त्यातल्या पुष्कळ प्रसंगी ब्रेकचा एकही भाग तुटलेला नसतो, तो नुसता तापलेला असतो. खोपोलीच्या बाजूच्या उतारावर अवजड गाड्यांचे असे अपघात वारंवार झालेले आहेत. २०१५ पासून नव्या जड गाड्यांत एबीएस येते. ते चाक जाम होऊ देत नाही, पण ब्रेक थंड ठेवणे हे त्याचे काम नव्हे.

म्हणून घाटाच्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक हवाच, आणि तो चालू स्थितीत हवा. धूर बाहेर जाण्याची वाट झडपेने अडवली की इंजिनच गाडीला मागे खेचते. त्याहून चांगला इंजिन ब्रेक, त्याहूनही चांगला रिटार्डर. पस्तीस टनांच्या वर जायचे असेल तर रिटार्डरसाठी जादा पैसे द्यायला हात आखडू नये. जुनी गाडी पाहताना एक्झॉस्ट ब्रेकचे बटण दाबून झडप हलते का ते खाली वाकून पाहा. किती गाड्यांची झडप काजळीने बसून गेलेली असते, हे गॅरेजवाल्या आपल्या भावांना चांगले ठाऊक आहे.

डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरण्याची खोड अजून गेलेली नाही. यात वाचत काही नाही. गिअरमध्ये उतरताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिनाला जाणारे डिझेल बंद होते, कारण चाकेच इंजिन फिरवतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यासाठी डिझेल जळतच राहते, आणि एक्झॉस्ट ब्रेकही निरुपयोगी होतो. ज्या गिअरने तो घाट चढता आला असता त्याच गिअरने किंवा एक खाली घेऊन उतरावे. गिअर घाटमाथ्यावर घ्यावा, मध्येच वेग वाढल्यावर तो पडत नाही.

वजनाचे कागद

२०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने ॲक्सलवरचे वजन वाढवले. सहा चाकी १६.२ टनांवरून १८.५ वर, दहा चाकी २५ वरून २८ वर, बारा चाकी ३१ वरून ३५ वर गेली. त्यापूर्वीच्या गाडीचे ब्रेक, स्प्रिंगांचे पाटे आणि चासी जुन्या वजनासाठी बनलेले आहेत. अशी गाडी घेताना तिच्या नोंदणीत कोणते वजन लिहिले आहे ते पाहावे आणि घाटात तेवढेच भरावे. गाडीचे स्वतःचे वजन बॉडीसकट नऊ टन धरले तर २८ टनांत माल एकोणीस टन. जड लाकडी आणि लोखंडी बॉडी बांधून घेण्याची हौस असणाऱ्यांनी वजनकाट्यावर रिकामी गाडी एकदा करून पाहावी. बॉडीत गेलेला प्रत्येक क्विंटल जन्मभर मालातून कापला जातो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी दंड २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २ हजार असा आहे. दोन टन साखर जादा भरून जे भाडे मिळते ते या दंडापुढे कितीसे?

थप्पी लावतानाही हमालांवर सगळे सोडू नका. पोती मागे जास्त रचली तर चढावर पुढची चाके हलकी होतात आणि स्टिअरिंग पोकळ लागते. पुढे रचताना केबिनच्या पाठीशी फट ठेवू नये, नाहीतर उतारावर जोराचा ब्रेक लागला की सगळी थप्पी पुढे सरकते. रिमोल्ड टायर मागे चालतील, पुढे कधीही नकोत.

एप्रिल २०२० नंतरच्या गाड्यांना युरियाचे पाणी लागते आणि धुराची गाळणी अधूनमधून स्वतःला जाळून साफ करते. घाटात तासन्‌तास हळू चालणाऱ्या गाडीत ही गाळणी लवकर भरते. तिचा दिवा लागला तर सपाटीला आल्यावर अर्धा तास गाडी चांगली पळवावी, दिव्याकडे दुर्लक्ष करून पुढच्या खेपेला लावू नये. भेसळीचा स्वस्त युरिया घेऊन वाचणारे पैसे एका इंजेक्टरमध्ये जातात.

विक्रेत्याकडे जाल तेव्हा रिकाम्या गाडीची चक्कर मारून समाधान मानू नका. रिकामी गाडी सगळ्यांचीच चढते. तेच मॉडेल तुमच्याच वाटेवर चालवणाऱ्या दोन मालकांचे पत्ते मागा आणि त्यांच्या ड्रायव्हरशी बोला, मालकाशी नंतर. घाट कोणत्या गिअरमध्ये चढता, उतारावर पायाचा ब्रेक किती वेळा लागतो आणि वर्षात क्लच प्लेट किती बदलल्या, एवढे तीन प्रश्न विचारा. त्यानंतर इंजिनाची अश्वशक्ती, टॉर्क कोणत्या फेऱ्यांवर मिळतो ते, गिअरची संख्या, क्राऊन-पिनियनचे प्रमाण, क्लचचा व्यास आणि एक्झॉस्ट ब्रेक या सहा गोष्टी कोटेशनवर लिहून सही-शिक्क्यानिशी घ्या. गाडी दारात आल्यावर चासीवरची पाटी त्या कागदाशी ताडून पाहा, आणि मगच उरलेली रक्कम द्या.